आधी भिंत, मग मशीन : घरासाठी बॅटरीवरचं ड्रिल आणि बिटं घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं. गेली १४ वर्षं काउंटरवर मी बसते. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंड्यांसोबत आता बॅटरीवरच्या ड्रिलची चौकशी रोज होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. गर्दीच्या वेळी नीट बोलणं होत नाही. गडबडीत चुकीचं मशीन घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्यानं तोंड पाडून परत आलं की मला फार वाईट वाटतं. म्हणून ही उत्तरं सवडीनं लिहून काढली.

घरासाठी एक चांगलं ड्रिल मशीन हवंय. कुठलं घेऊ?

मशीन दाखवण्याआधी मी विचारते, "भिंत कशाची आहे?" बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित असतो. ते व्होल्ट, कंपनी, किंमत पाठ करून आलेले असतात. भिंतीकडे कोणी पाहिलेलं नसतं. पण आपल्या भागात एकाच गल्लीत चार तऱ्हेच्या भिंती सापडतात. पेठेतल्या जुन्या वाड्याला काळा दगड आणि पांढरी माती, त्यानंतरच्या घराला भाजकी वीट, नव्या फ्लॅटला हलके ब्लॉक आणि या सगळ्यांना मधेमधे काँक्रीटचे बीम-कॉलम. जे मशीन विटेत लोण्यासारखं जातं तेच काँक्रीटच्या बीमवर अर्धा इंचही सरकत नाही, आणि मग दोष मशीनला लागतो.

भिंत कशाची आहे, हे प्लास्टरवरून कसं कळणार?

एक बारीक भोक पाडा आणि खाली पडणारी भुकटी बघा. जागा अशी निवडा की पुढे ती कपाटामागे किंवा फोटोफ्रेममागे झाकली जाईल. पहिल्यांदा राखाडी भुकटी येते, ती प्लास्टरची. आतल्या भिंतीला प्लास्टर साधारण १२ मिलिमीटर असतं, म्हणजे अर्धा इंच. त्यानंतर जे येईल ते खरं. लाल किंवा विटकरी भुकटी म्हणजे वीट. पांढरट, पिठासारखी हलकी भुकटी आली आणि बिट न दाबताच आत गेलं, तर लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात ते हलके ब्लॉक. राखाडीच भुकटी येत राहिली, मशीनचा आवाज चढला आणि बिट जागीच फिरायला लागलं, तर काँक्रीट. काळसर बारीक धूळ आणि बिट तापून हात लावता येत नाही अशी गत झाली, की समजा काळा दगड लागला.

यांच्या कणखरपणातला फरक आकड्यांत सांगते. भट्टीची साधी वीट चौरस मिलिमीटरला साडेतीन ते दहा न्यूटनचा दाब सोसते. हलके ब्लॉक तीन ते पाच. घराच्या स्लॅबला वापरतात ते एम-२० काँक्रीट २०. नावातला २० तोच. आणि आपला सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, न झिजलेला असेल तर सहज १०० च्या पुढे. म्हणून जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना मी सांगते, शक्य तिथं दगडांमधल्या दरजेत भोक घ्या. दगडालाच हात घालायचा असेल तर बॅटरीवरचं छोटं मशीन घरीच ठेवा.

आता यातली सगळ्यात नेहमीची फसगत. घरात पहिलं भोक कशासाठी लागतं? पडद्याच्या रॉडसाठी. रॉड येतो खिडकीच्या वर, आणि खिडकीच्या वर असतं लिंटेल, म्हणजे काँक्रीट. बाकी सगळं घर विटेचं असलं तरी तेवढी पट्टी काँक्रीटची. शिवाय त्या काँक्रीटमधली खडीही याच काळ्या दगडाची. बिट वाळू-सिमेंटमधून नीट चाललेलं असतं आणि एकदम थांबतं, ते खडीवर टेकलेलं असतं. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही. बिट बाहेर काढा, भुकटी झाडा, पुन्हा लावा. तरीही अडलं तर भोक सेंटिमीटरभर बाजूला घ्या.

बॅटरीवरचं घ्यावं की वायरचं?

वर्षातून चार भोकं आणि तीही काँक्रीटमध्ये, तर वायरचं घ्या. त्याच पैशात जास्त ताकद येते आणि पाच वर्षं फडताळात पडून राहिलं तरी बिघडत नाही. बॅटरी मात्र नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते.

पण बिजागरी बसवणं, कपाटाचे स्क्रू आवळणं, पाळणा जोडणं, गच्चीवर शेडनेटची पट्टी मारणं, शिडीवर चढून पंख्याचा कप घट्ट करणं, ही कामं मधूनमधून निघत असतील तर बॅटरीवरचंच सोयीचं. स्क्रू आवळायला ते वायरच्या मशीनपेक्षा कितीतरी बरं, कारण त्याला वेग हातात ठेवता येतो आणि आवळण्याचा जोर ठरवता येतो. शेतातल्या घरी, संध्याकाळी वीज नसताना तर प्रश्नच नाही.

१२ व्होल्ट, १८ व्होल्ट, २० व्होल्ट, २१ व्होल्ट... आणि परवा एकानं ४८ व्होल्टचं दाखवलं. काय खरं?

बॅटरीच्या आत पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड लिथियम सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. तीन सेल जोडले की सरासरी १०.८ आणि पूर्ण भरल्यावर १२.६, याला बाजारात १२ व्होल्ट म्हणतात. पाच सेल जोडले की सरासरी १८, पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्टची मशिनं आतून एकाच घरातली. कोणी सरासरी आकडा छापतं, कोणी भरलेल्या बॅटरीचा. त्यामुळे २० मध्ये १८ पेक्षा दोन व्होल्ट जास्त मिळतात असं मानून जादा पैसे देऊ नका.

४८ व्होल्टला तेरा सेल लागतील. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच अर्ध्या किलोच्या वर. तळहातात मावणारी हलकी बॅटरी असेल आणि त्यावर ४८ किंवा ८८ असा आकडा असेल, तर तो आकडा व्होल्टचा नाही. अशी मशिनं मी दुकानात ठेवत नाही. एका शिक्षकांनी बाजारातून तसलं एक मशीन घेतलं होतं. ते आणून माझ्यासमोर उघडलं तर आत पाचच सेल निघाले. मशीन चालत होतं, पण पैसे भलत्याच आकड्याचे गेले होते.

वीट आणि लाकडाच्या घरकामाला १२ व्होल्ट पुरतं. मशीन किलोभराचं असतं आणि डोक्याच्या वर हात धरून काम करताना हाच फायदा कळतो. लोखंडी अँगल, जाड सागवान, लांब स्क्रू अशी कामं असतील तर १८ घ्या. तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागायतदार मांडवाच्या अँगलसाठी विचारतात, त्यांना मी १८ च्या खाली काही दाखवत नाही.

एएच म्हणजे काय? दोनची बॅटरी घेऊ की चारची?

व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर, एएच म्हणजे टाकी केवढी. दोन्हींचा गुणाकार केला की बॅटरीत एकूण किती काम भरलंय ते कळतं. १८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. १८ आणि ४ म्हणजे ७२. पण चारची बॅटरी जड असते आणि मनगटाला ते जाणवतं. घरासाठी चारच्या एका बॅटरीपेक्षा दोनच्या दोन बॅटऱ्या घ्या. एक चार्जिंगला, एक मशीनला. एकच बॅटरी असली की ती संपल्यावर शिडीवरून उतरून तासभर बसावं लागतं आणि काम दुसऱ्या दिवसावर जातं.

ड्रिल ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, रोटरी हॅमर. सगळी एकसारखीच दिसतात. फरक काय?

या एका गोंधळामुळे जितकी मशिनं परत येतात तितकी दुसऱ्या कशामुळेच येत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ड्रिल ड्रायव्हर नुसतं फिरतं. लाकूड, लोखंड, प्लास्टिक आणि स्क्रू यांच्यासाठी. भिंतीसाठी नाही.

इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता पुढे-मागे थरथरतं. आत दातेरी चकत्यांची जोडी असते. त्या एकमेकींवरून घसरल्या की बिटाला छोटे छोटे ठोके बसतात. मिनिटाला वीस हजारांच्या वर ठोके, पण प्रत्येक ठोका हलका. आणि तो बसतो तुम्ही दाबाल तेव्हाच. विटेला हे पुरतं. घरात एकच मशीन ठेवायचं असेल तर हेच ठेवा. कॉलरवर, म्हणजे मशीनच्या तोंडाजवळच्या फिरत्या कड्यावर, हातोडीचं चित्र आहे का ते बघून घ्या; हातोडी नसेल तर ते भिंतीचं मशीन नाही.

रोटरी हॅमरमध्ये खराखुरा दट्ट्या असतो. तो हवेच्या दाबानं मागेपुढे होतो आणि बिटाच्या बुडावर आपटतो. मिनिटाला ठोके कमी, चार-पाच हजार, पण एकेक ठोका घणासारखा. तुम्ही नुसतं धरून उभं राहायचं. दाबायची गरज नाही. काँक्रीट आणि दगडाचं मशीन हेच. याची बिटं वेगळी, दांड्याला खाचा असलेली, एसडीएस नावाची. बॉशनं ही पद्धत १९७५ मध्ये आणली आणि आता जवळपास सगळ्या कंपन्या तीच वापरतात. साधं गोल दांड्याचं बिट यात बसत नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या नावात इम्पॅक्ट असला तरी त्याचा भिंतीशी काही संबंध नाही. त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेनं बसतो, पान्याला हातोडीनं टोला द्यावा तसा. लांब स्क्रू, गंजलेले बोल्ट यांच्यासाठी उत्तम. पण त्यानं विटेत भोक पाडायला गेलात तर तोंडाला फेस येईल.

खोक्यावरच्या अक्षरांवरूनही ओळखता येतं. बॉशचं जीएसआर म्हणजे नुसतं ड्रिल ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे ठोक्याचं, जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर, जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. मकिटामध्ये त्याच क्रमानं डीएफ, एचपी, एचआर, टीडी. ऑनलाइन मागवताना जीएसआर आणि जीएसबीमधल्या एका अक्षरामुळे किती जणांची फसगत झाली ते मी पाहिलंय. फोटोत दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात.

कॉलरवर १ ते २० आकडे कशासाठी?

ते आवळण्याच्या जोराचे. ठरलेला जोर गाठला की आतला क्लच कट-कट करून सुटतो आणि स्क्रू आणखी आत जात नाही. प्लायवूडला स्क्रू लावताना ४-५ पासून सुरुवात करा आणि डोकं सपाटीला येईपर्यंत एकेक आकडा वाढवा. आकड्यांनंतर ड्रिलच्या बिटाचं चित्र असतं, तिथं क्लच बंद आणि पूर्ण ताकद. बरेच जण कॉलर कायम तिथंच ठेवतात आणि मग स्क्रूची फुल्ली झिजते, सनमायका फुगतो, बिजागरी पिरगळते. मशीन बिचारं आज्ञेप्रमाणेच वागत असतं.

मशीनच्या पाठीवर १ आणि २ अशी कळ असते, ती गिअरची. १ वर वेग कमी, जोर जास्त, स्क्रूसाठी. २ वर वेग जास्त, भोकांसाठी. मशीन पूर्ण थांबल्यावरच बदला.

ब्रशलेस घ्यावं का?

परवडत असेल तर घ्या. मोटरमध्ये घासणारे कार्बन ब्रश नाहीत, त्यामुळे घर्षण कमी, बॅटरी जास्त पुरते. महिन्यातून दोनदा मशीन हातात घेणाऱ्याला त्यावाचून काही अडत नाही. उरलेले पैसे बिटांवर घाला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

शंभर नगांचं बिट-किट स्वस्तात मिळतंय. घेऊन टाकू?

नको. त्या शंभरांतली नव्वद तुम्ही कधी वापरणार नाही आणि जी दहा लागतील ती नेमकी कच्ची निघतील. गेल्या दिवाळीच्या आधी एक काका तसलंच एक बिट घेऊन आले. पडद्यासाठी लिंटेलला भोक पाडत होते. बिटाचं टोक निळं पडलेलं, आणि निमुळतं असायचं ते मशरूमसारखं पसरलेलं. टोकाला कार्बाइड, म्हणजे पोलादाहून कितीतरी कडक असा तुकडा, नव्हताच, नुसतं पोलाद होतं. मी त्यांना कार्बाइडचं बिट शेजारी ठेवून दाखवलं: दांडा एका रंगाचा, आणि टोकाला वेगळ्या छटेचा छोटा तुकडा पाचर मारावी तसा झाळून बसवलेला. नखानं सांधा जाणवतो. हा सांधा दिसला नाही तर ते भिंतीचं बिट नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

घरासाठी एवढीच बिटं पुरतात. भिंतीची ६ आणि ८ ची, दोन-दोन; ६ चं सगळ्यात जास्त लागतं. लोखंडाची एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, ३, ४, ६ आणि ८ ची. लाकडाची मधे सुईसारखं टोक असलेली ५, ६, ८ आणि १०. स्क्रूसाठी पीएच-२, म्हणजे फुल्लीच्या टोकाचे, चार-पाच तुकडे आणि एक लांब चुंबकी होल्डर. बाकी काम पडेल तसं सुटं घ्या. छोट्या मशीनचा चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, १० मिलिमीटरपर्यंत उघडतो, मोठ्याचा १३ पर्यंत, तेही लक्षात ठेवा.

एकच बिट सगळीकडे चालत नाही का?

नाही, कारण प्रत्येकाचं कापणं वेगळं. भिंतीचं बिट कापत नाही, ठेचतं. त्याचं टोक बोथट असतं आणि तसंच असायला हवं. ते लोखंडाला लावलंत तर नुसतं घासत राहील. एचएसएसला धार असते आणि ते कातरून बारीक चकल्या काढतं. विटेला लावलंत तर दोन मिनिटांत धार जाईल. लाकडाचं बिट मधल्या सुईनं जागा पकडतं आणि कडेच्या दोन पात्यांनी तंतू कापतं. आपल्याकडचं गिरमिटही असंच काम करतं. सासऱ्यांकडे त्यांच्या वडिलांचं गिरमिट अजून आहे, सागवानात ते अजूनही स्वच्छ भोक पाडतं.

बाथरूमची टाइल तडकेल याची भीती वाटते.

ही भीती असलेलीच बरी. आधी टाइल कुठली ते बघा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला वर काचेसारखा थर आणि आत भाजलेली माती असते. तिला भाल्याच्या पात्यासारखं कार्बाइडचं बिट चालतं. व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइट यांच्यापुढे ते हात टेकतं. तिथं हिऱ्याची पूड लावलेलं नळीसारखं बिट लागतं, आणि तेही पाणी शिंपडत.

टाइलच्या कडेपासून निदान दोन-तीन सेंटिमीटर आत या. खूण करून वर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. कॉलर ड्रिलच्या चित्रावर. हातोडी बंद म्हणजे बंद. ट्रिगर अगदी हलका दाबा. पहिला अर्धा मिनिट काहीच होत नाही असं वाटेल, नंतर थराला पांढरा ठिपका पडेल. हिऱ्याचं बिट असेल तर सुरुवातीला मशीन तिरकं धरून चंद्रकोर पाडा, मग हळूहळू सरळ करा. घरातल्या कोणाला तरी पाण्याची फवारणीची बाटली घेऊन शेजारी उभं करा, पण पाणी बिटावर पडेल, मशीनवर नाही, एवढं बघायला सांगा.

टाइल पार झाली की आवाज बदलतो. तिथं थांबा, भिंतीचं बिट लावा आणि आता हातोडी चालू करा. गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी, टाइलच्या मागे जाईल इतकी आत ढकला. गिट्टी टाइलमध्येच राहिली तर स्क्रू आवळताना ती फुगते आणि भोक पाडताना वाचलेली टाइल शेवटच्या क्षणी तडकते.

लोखंडाला भोक पडतच नाही, बिट नुसतं फिरतं.

दोन कारणं असतात: वेग जास्त आणि दाब कमी. हवा कमी वेग आणि जास्त दाब, लोक नेमकं उलट करतात. ३ मिलिमीटरच्या बिटाला जोरात फिरवलं तर चालतं, पण १० च्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे पुरेत. पंचानं आधी खड्डा करा, ३ च्या बिटानं वाट काढा, मग मोठं लावा. मशीन ऑइलचे दोन थेंब टाका. कापलेल्या लोखंडाच्या कुरळ्या चकल्या यायला लागल्या की समजा सगळं जुळलंय. राखेसारखा चुरा येत असेल तर बिट बोथट आहे. स्टेनलेस स्टीलला कोबाल्टचं बिट, आणखी कमी वेग आणि न थांबता दाब. ते नुसतं घासलं गेलं की जागेवरच कडक होतं आणि मग कशालाच दाद देत नाही.

लाकडाला वेगळं काही?

स्क्रू लावण्याआधी बारीक भोक घ्या. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात अडीच, सागवानात तीन. पलीकडे फळीचा तुकडा दाबून धरला की मागची बाजू चिरफाळत नाही. जुन्या दारात गाडलेले खिळे असतात. बिट एकदम अडलं तर जोर करू नका.

गिट्टी निघून येते. मशीनचा दोष का?

बहुधा नाही. गिट्टी आखूड असते आणि सगळी प्लास्टरमध्येच बसलेली असते. १२ मिलिमीटर प्लास्टर हे कशालाही धरून ठेवणारं नाही. गिट्टीची पकड विटेत हवी. ६ नंबरच्या गिट्टीला ६ चंच बिट, गिट्टीच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर खोल भोक, आणि आतली भुकटी फुंकून साफ. फुंकताना डोळे मिटा किंवा रबरी पंप वापरा. खोली कळावी म्हणून बिटाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा.

भुकटी काढत राहण्याचं महत्त्व मी मुलांना चंद्राची गोष्ट सांगून पटवते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरच्या ड्रिलनं चंद्राच्या जमिनीत भोकं घेतली. तीन मीटर जायचं होतं. जेमतेम दीड मीटरच्या पुढे जाता आलं. ड्रिलच्या नळ्या जिथं एकमेकींना जोडल्या होत्या तिथं भुकटी वर आणणारी खाच नीट सलग नव्हती, आणि भुकटी तिथंच दाटून बसली. पुढच्या मोहिमेसाठी नळ्या बदलाव्या लागल्या. आपल्या विटेतल्या भोकाचंही तसंच होतं. दर काही सेकंदांनी बिट फिरतं ठेवूनच बाहेर ओढा, पुन्हा आत घाला.

हलक्या ब्लॉकच्या भिंतीत हातोडी चालू करू नका, भोक सैल होतं. नुसतं फिरवून, गिट्टीच्या नंबरापेक्षा एका नंबरानं बारीक भोक घ्या आणि लांब, रुंद दातांची खास गिट्टी वापरा. टीव्ही किंवा गिझरसारखं वजन असेल तर ब्लॉकवर भरवसा न ठेवता बीम-कॉलम शोधा आणि तेवढ्यापुरता रोटरी हॅमर भाड्यानं आणा.

पुरात भिजलेल्या भिंतीला स्क्रू धरत नाही. काय करावं?

माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१, तीन वेळा कृष्णेचं पाणी वस्तीत शिरलं. २०१९ नंतर दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा आईला देव्हाऱ्यासाठी फळी लावून हवी होती. वरून रंग दिलेला, भिंत अगदी कोरडी दिसत होती. बिट आत गेलं आणि बाहेर आलं ते लाल चिखल माखून. भुकटी उडालीच नाही. बिटाच्या खाचा गच्च भरलेल्या. पाणी ओसरून तीन महिने होत आले होते तरी विटेच्या पोटात ओल होती.

असं झालं तर घाई करू नका. ओल्या विटेत गिट्टी पकडते, पण वीट सुकताना सैल पडते. भिंतीला हवा लागू द्या. बोटांनी ठोकून पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, ते खरवडून काढल्याशिवाय भोक घेऊ नका. पाण्याची खूण जिथवर आहे त्याच्या वर जागा मिळाली तर उत्तम. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, कारण क्षार वर आलेल्या भिंतीत साधा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो. आईची फळी आम्ही पुढच्या उन्हाळ्यात लावली, आणि २०२१ च्या पुरानंतरही ती जागची हलली नाही.

आत वायर किंवा पाइप असेल तर?

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक घेऊ नका. वायरी बहुधा तिथूनच उभ्या जातात. नळाच्या आणि गिझरच्या जोडणीच्या उभ्या-आडव्या रेषेतही नको. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडूनच काम करा. बॅटरीवरच्या मशीनचा हा एक मोठा फायदा. मी स्वतः एकदा आमच्या माजघरात बोर्डाच्या वर वीतभर अंतरावर भोक घेतलं आणि वायर तुटली. एमसीबी पाडलेला होता म्हणून थोडक्यात निभावलं. भिंत मात्र फोडावी लागली.

डोळ्यांना चष्मा लावा, विशेषतः डोक्याच्या वर काम करताना. ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाह्या आवरून घ्या. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. धागा बिटात अडकला की बोट ओढलं जातं.

बायकांना हे मशीन झेपेल का?

झेपतं. १२ व्होल्टचं मशीन किलोभराचं, म्हणजे भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढं. कोपर अंगाशी ठेवा, मशीन बिटाच्या रेषेत सरळ दाबा आणि मोठ्या भोकाला दुसरा हात बॅटरीखाली द्या. माझ्याकडून मशीन नेलेल्या कितीतरी जणी आता शेजारच्यांचे पडदे लावून देतात. दुकानात मशीन हातात घेऊन, हात डोक्याच्या वर धरून बघा. हे ऑनलाइन करता येत नाही.

मग ऑनलाइन घेऊच नये?

घ्या, पण आधी दोन गोष्टी बघा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर साताऱ्यात, सांगलीत किंवा निदान कोल्हापूर-पुण्यात आहे का? आणि सुटी बॅटरी मिळते का? बॅटरीची वॉरंटी बरेचदा मशीनपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असते, ती वाचा. बॅटरीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक शोधा. आणि पुढे दुसरं काही हत्यार घ्यायचं झालं तर त्याच कंपनीचं, त्याच व्होल्टचं घ्या, म्हणजे बॅटरी एकमेकांना चालतात.

बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून काय करू?

उन्हापासून जपा. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी लवकर मरते. काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. लिथियमला पूर्ण संपवून मग चार्ज करायची गरज नसते. ती जुन्या निकेल बॅटऱ्यांची सवय. महिनोन्महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून, मशीनमधून काढून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

जुनी, मेलेली बॅटरी कुठे टाकायची?

घंटागाडीत नको आणि भंगारवाल्यालाही नको. दाबली गेली तर ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांची आहे. म्हणून सर्व्हिस सेंटरला द्या. आमच्याकडे आणून दिलीत तर आम्ही पाठवतो, मशीन आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी. आणताना पितळी टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर चार्जरला लावून बघण्याचा मोह टाळा, ती घराबाहेर कोरड्या जागी पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन या.